भंगारातून रानगाडी: कोकणातल्या चिखल-कातळासाठी स्वस्तातली फोर बाय फोर

कातळवाट (राजापूर)

मंडळी, नमस्कार. आमची हापूसची कलमं राजापूर तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बरीच आत आहेत. वाटेत एक पऱ्या (ओढा) लागतो आणि तो ओलांडला की उभा चढ. एप्रिल-मेमध्ये पेट्या काढायला पिकअप वरपर्यंत जातो. खरी अडचण पावसात होते. जुलै-ऑगस्टात कल्टार (मोहोरासाठीचं औषध) द्यायचं, खत टाकायचं, रान काढायचं, आणि नेमकं तेव्हाच त्या चढावर साधी गाडी जागची हलत नाही. पोती डोक्यावरून न्यायला आता माणसंही मिळत नाहीत.

नवीन फोर बाय फोर आवाक्याबाहेर आहे. माझं बजेट कागदपत्रांसकट साडेतीन लाख. चिपळूण ते कोल्हापूर भंगारवाल्यांकडे आणि गॅरेजांत फिरून तीन गाड्या पाहून आलो आहे.

पहिली महिंद्राची एमएम ५४० जीप. मूळची फोर बाय फोर, प्यूजो इंजिन, बंद पडलेली, बॉडी कुजलेली. दुसरी जिप्सी. चालू आहे, पण फ्लोअर इतका गेलाय की ड्रायव्हरच्या पायाखाली रस्ता दिसतो. तिसरी टू व्हील ड्राइव्ह कमांडर, डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिन ठणठणीत. मिस्त्री म्हणतो, पुढे जुन्या जीपचा अ‍ॅक्सल आणि मध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) बसवून फोर बाय फोर करून देतो. तिन्हींत हीच सगळ्यात स्वस्त पडते.

गाडी मुख्यतः बागेसाठी. पण मुलगा आणि मी सुट्टीत रघुवीर घाट, आंबा घाट परिसरातल्या कच्च्या वाटांवरही जाऊ. पैसे नेमके कुठे घालावेत, कुठे वाचवावेत, ते जाणकारांनी सांगावं.

---

जुनी जीप (चिपळूण)

कातळवाट भाऊ, तिसऱ्या गाडीचा विचार आजच सोडा. आमचं गॅरेज वडिलांपासून जीपचंच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

भंगारातून गाडी उभी करायची म्हणजे पाच गाड्यांचे पाच तुकडे एकत्र जोडायचे नाहीत. एक गाडी धरायची, जिची चासी सरळ, जिचे कागद जिवंत आणि जिचे दोन्ही अ‍ॅक्सल कारखान्यातून आले तेच आहेत. बाकीच्या गाड्या घ्यायच्या त्या फक्त सुट्या भागांसाठी. चासी, कागद आणि अ‍ॅक्सल या तिन्हींपैकी एकातही तडजोड केलीत, तर पुढे वाचवलेला प्रत्येक रुपया दुपटीनं जातो.

टू व्हीलची फोर व्हील करायची तर पुढच्या अ‍ॅक्सलला कमान पाट्यांचे हँगर नव्यानं वेल्ड करावे लागतात. ट्रान्सफर केससाठी क्रॉस मेंबर कापावा लागतो. स्टेअरिंगचे रॉड नव्या कोनात बसवावे लागतात, पुढचा जॉइंट शाफ्ट (ट्रान्सफर केसमधून चाकांकडे ताकद नेणारा दांडा) मापानं करून घ्यावा लागतो. यातलं एक माप चुकलं की गाडी साठच्या पुढे स्टेअरिंग हलवायला लागते किंवा शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (सांधे) पुन्हा पुन्हा जातात. मिस्त्री जो आकडा सांगतोय तो जोडणीचा आहे, दुरुस्त्यांचा नाही.

एमएम ५४० चं प्यूजो इंजिन, २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९०, चालायला गोड आणि आवाजाला कमी. पण त्याचे भाग आता शोधत फिरावं लागतं, आणि बागेच्या कामाला ते परवडत नाही. डीआय इंजिन २५२३ सीसी. खडखडाट जास्त, धक्के जास्त, पण कमी फेऱ्यांवर ओढतं आणि त्याचे पिस्टन, लायनर, हेड गॅस्केट प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतात, कारण तेच इंजिन वर्षानुवर्षं कमांडरपासून पिकअपपर्यंत सगळीकडे चाललं. पंप मेकॅनिकल आहे. वायरिंग पूर्ण जळून गेलं तरी धक्का देऊन चालू होतं आणि घरी पोचवतं.

म्हणून माझं म्हणणं असं की कारखान्यातूनच फोर बाय फोर आणि कारखान्यातूनच डीआय असलेली जीप शोधा. सीएल ५५० एमडीआय त्यातलीच. बॉडी सडलेली असली तर उत्तम, त्यामुळेच ती बजेटात बसेल. पत्रा नवा बनतो. आणि मग ती स्वस्तातली कमांडर सुट्या भागांसाठी घ्या. इंजिनाचे भाग, रेडिएटर, अल्टरनेटर, सीट, मागचे पाटे, सगळं कामाला येईल.

---

दर्याकाठ (मालवण)

आमच्याकडे म्हणतत तसा सांगतंय: आदी चासी बघ, मगे इंजिन.

आता सर्वांना कळेल असं लिहितो. कोकणातली गाडी घेताना ती कुठे चालली आहे ते विचारा. मासळी वाहिलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, कुठल्याही बंदरावर फिरलेली असू दे. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चासीवर गळतं आणि पेटीसारख्या बंद भागात आत जाऊन बसतं. अशी चासी वाळवीनं खाल्लेल्या वाशासारखी असते, वरून रंग शाबूत आणि आत भुसा.

तपासणीला छोटा हातोडा आणि मोठा स्क्रूड्रायव्हर न्या. गाडी रॅम्पवर घ्या. मागच्या शॅकलचा हँगर, बॉडी माउंटच्या खालचा भाग, स्टेअरिंग बॉक्स जिथे चासीला बोल्ट केलाय ती जागा आणि मधला क्रॉस मेंबर, एवढ्या ठिकाणी हळूहळू ठोका. चांगला पत्रा खणकन वाजतो. कुजलेला दबका वाजतो आणि स्क्रूड्रायव्हर आत जातो. जाड काळा डांबरी कोट नुकताच मारलेला दिसला तर तो खरवडून बघायचा हट्ट धरा. विकणारा नको म्हणाला तर निघून या.

स्टेअरिंग बॉक्सच्या जागेला आडवी बारीक चीर असेल तर ती भरून काढता येते, पण दोन्ही बाजूंनी प्लेट लावून. नुसती वेल्डिंगची रेघ ओढली तर त्याच रेघेच्या कडेला नवी चीर जाते.

---

ग्रीसगन (कोल्हापूर)

लेथवाला माणूस आहे, त्यामुळे मला बोलायचंय ते गिअरच्या दातांवर.

भंगारातले अ‍ॅक्सल एकत्र करताना सगळ्यात जास्त गाड्या इथे मरतात: पुढच्या आणि मागच्या क्राऊन-पिनियनचं (आतल्या मोठ्या-छोट्या गिअरचं) गुणोत्तर एकच नसतं. जुन्या जीपला ४३ दातांचा क्राऊन आणि ८ दातांचा पिनियन, म्हणजे ५.३८, असा सेट येतो. ३९-८ म्हणजे ४.८८ पण येतो. बाहेरून हाउसिंग बघून ओळखू येत नाही. पुढे एक आणि मागे दुसरा बसवून फोर व्हील टाकलंत, तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू पाहतात आणि ट्रान्सफर केस मध्ये पिळला जातो. चिखलात चाक घसरून तो पीळ सुटतो, म्हणून सुरुवातीला कळत नाही. कातळावर टायर घट्ट पकडतो, पीळ सुटत नाही, आणि मग क्रॉस तुटतो किंवा केसचा दात उडतो.

मोजायची रीत सोपी आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, बाकीच्या चाकांना उटी. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. जॉइंट शाफ्टवर आणि चाकावर खडूनं खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून थोडं अधिक असेल तर ५.३८. पाचला जरासा कमी भरला तर ४.८८. तसंच पुढे करा. पुढे फ्री व्हील हब (पुढची चाकं जोडणारी-सोडवणारी कळ) असतील तर ते लॉक करून. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर गाडी कितीही देखणी असो, सौदा नको, किंवा सेट बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

आणखी एक. दोन्ही सेट जुळत असले तरी फोर व्हील टाकून कोरड्या डांबरी रस्त्यावर चालवू नका. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध वेगळं डिफरन्शियल (वेगातला फरक सामावणारी गिअरपेटी) नसतं. वळणावर तोच पीळ बसतो.

---

घाटवेडा (ठाणे)

सगळे जुनी कामं सांगताय, पण ऑफ-रोड म्हटल्यावर सस्पेन्शन लिफ्ट, ३३ इंची मड टायर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) हवीच ना? गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये २०१४ पासून बघतोय, तिथे सगळ्या गाड्या अशाच असतात. आणि मागचं डिफरन्शियल वेल्ड करून घेतलं तर फुकटात लॉकर मिळतो असं ऐकलं आहे. साडेतीन लाखांत हे बसेल का?

---

जुनी जीप (चिपळूण)

घाटवेडा, त्या गाड्या स्पर्धेच्या असतात. ट्रेलरवर चढवून आणतात, तुटल्या तर तिथेच बदलायला भाग आणि माणसं सोबत असतात. कातळवाट भाऊंना त्याच गाडीनं संध्याकाळी घरी यायचंय.

डिफरन्शियल वेल्ड केलं की मागची दोन्ही चाकं कायम एकाच वेगानं फिरतात. बागेत चालेल. पण ओल्या घाटात हेअरपिनवर आतलं चाक घासत जातं आणि मागची बाजू बाहेर फेकली जाते. त्याच गाडीत पोरगं बसणार असेल तर मी ते काम घेत नाही.

मोठ्या टायरचंही तसंच. चाकाचा घेर वाढला की गिअरिंग उंच होतं, म्हणजे चढावर जी ताकद हवी तीच कमी होते. ड्रम ब्रेकला थांबवायला जास्त जोर लागतो. जुन्या जीपची खरी ताकद लो गिअरमध्ये आहे. सीजे-३बी चं उदाहरण घ्या. पहिला गिअर २.८०, ट्रान्सफर केसचा लो २.४६, अ‍ॅक्सल ५.३८. गुणाकार साधारण ३७. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. या गाडीला चढावर पाय देऊन पळवायचं नसतं, क्लच सोडून नुसतं चालू द्यायचं असतं. मोठे टायर लावून तुम्ही हाच ३७ खाली आणता.

कोकणातल्या तांबड्या चिखलासाठी अरुंद लग (खोल दातांचे) टायर, ६.००-१६, अजूनही सरस आहेत. वरचा चिखल वीत-दीड वीत असतो आणि खाली मुरूम किंवा जांभा. अरुंद टायर चिखल कापून खालचा कठीण थर गाठतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. नायलॉनच्या टायरची कड जाड असते, ती जांभ्याच्या धारेवर पटकन फाटत नाही. वाळूसाठी गणित वेगळं, तिथे हवा कमी करून टायर पसरावा लागतो. पण वाळूचं पुढे कोणी बोलेलच.

---

नोंदवही (रत्नागिरी)

कायद्याची बाजू लिहितो, कारण सौदा होण्याआधी ती कळलेली बरी.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२. कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आलं. त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे टू व्हीलची फोर व्हील करणं हा यांत्रिकच नाही, कायद्याचाही प्रश्न आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बघते.

इंजिन बदलायचं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं, आणि आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्या. त्या इंजिनाच्या खरेदीची पावती जपून ठेवा. भंगारवाला पावती देत नसेल तर इंजिन घेऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर तुम्हीच पकडले जाल.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५, आणि गाडी प्रत्यक्ष नेऊन दाखवावी लागते. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर आधी फॉर्म २८ वर एनओसी. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. चासी नंबरची जागा घासून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आकड्यांच्या भोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा नवी वेल्डिंग दिसली तर परत फिरा.

नोंदणी रद्द झालेली गाडी रस्त्यावर पुन्हा येत नाही. ती सुट्या भागांसाठीच घ्या.

---

कातळवाट (राजापूर)

सगळ्यांचे आभार. कमांडरला फोर बाय फोर करायचं रद्द.

जुनी जीप काकांच्या सांगण्यावरून शोधलं तेव्हा घाटावर एक सीएल ५५० एमडीआय मिळाली. कागद चालू, बॉडी पार गेलेली, चासी वाजवून बघितली, खणखणीत आहे. बंदरावर कधी गेलेली नाही. दोन्ही अ‍ॅक्सल ग्रीसगन यांच्या रीतीनं खडू लावून मोजले, पुढे-मागे आकडा तोच आला. मालकाला वाटलं मी काहीतरी पूजा घालतोय, मग तोही खाली वाकून मोजायला लागला.

सुट्या भागांसाठी चिपळूणला एक पिकअप आहे, तेच डीआय इंजिन. पण ती २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात बुडालेली आहे आणि तेव्हापासून शेडमध्ये पडून आहे. घ्यावी का? काय वाचलेलं असेल?

---

जुनी जीप (चिपळूण)

त्या दिवसानंतर आमच्या भागात किती गाड्या चिखलातून ओढून काढल्या ते सांगवत नाही. बाजारपेठेतल्या दुकानदारांचं उभं आयुष्य गाळात गेलं होतं. त्यातून निघालेल्या गाड्या आजही भंगारात येतात, आणि त्यात कामाचं बरंच असतं. पण तपासून घ्या.

आधी घेऊ नये असं सांगतो. वायरिंग, दिवे, स्टार्टर, अल्टरनेटर, वायपर मोटर, मीटर. सगळं सोडून द्या. ब्रेकचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर तर पुराच्या गाडीचे कधीच नाही. आत गंजाचे खड्डे पडलेले असतात. नवीन रबर लावलं तरी ते त्या खड्ड्यांवर कापलं जातं.

इंजिन चालू असताना बुडालं की बंद असताना, हे विचारा. पार्क केलेली गाडी बुडाली तर आत पाणी हळूहळू शिरतं. गंज धरतो, पण लोखंड वाकत नाही. चालू असताना पाणी ओढलं गेलं तर पिस्टनवर पाणी दाबलं जातं. पाणी हवेसारखं दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून इंजिन हातानं फिरवून बघा. फिरलं तर हेड उघडा आणि प्रत्येक पिस्टन वर आल्यावर किती खाली थांबतो ते मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर त्याचा रॉड वाकलाय. ब्लॉक, क्रँक, हेड तरीही वाचू शकतात.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा ड्रेन प्लग काढून तेल वाटीत घ्या. दुधट निघालं तर पाणी शिरलंय. इतकी वर्षं तसंच पडून असेल तर बेअरिंग गेलेले धरा. पण दात हातानं चाचपून बघा. तेलात बुडालेला खालचा भाग बऱ्याचदा चांगला राहतो आणि वर उघडा असलेल्या दातांवर गंज धरतो. दातांच्या चढत्या बाजूवर खड्डे नसतील तर तो सेट जपून ठेवण्यासारखा आहे.

पाटे, शॅकल, चाकांच्या डिस्क, रेडिएटरचा पंखा, पेडल, सीटचे सांगाडे, स्टेअरिंग कॉलम हे बेलाशक घ्या. किलोच्या भावानं मिळालं तर सोनं. फक्त पाटे घेताना एकेक पान वेगळं करून मधल्या भोकाजवळ चीर आहे का ते बघायचं.

---

दर्याकाठ (मालवण)

बॉडी नवी बनवणारच आहात तर पत्र्याचं आधी ठरवा. फ्लोअरला गॅल्व्हनाइज्ड पत्रा घ्या, वेल्डिंगच्या ठिकाणी झिंक जळून जातं तिथे झिंक प्रायमर पुन्हा लावा. चासी सँड ब्लास्ट करून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारून घ्या. इथल्या दमट हवेत रात्रभर उघडी ठेवली तर सकाळी तांबूस झालेली दिसते. आत पोकळीत लांब नळीनं मेण किंवा लॅनोलिनचा फवारा. आणि खालची भोकं बुजवू नका. पाणी आत जाणारच, ते बाहेर पडलं पाहिजे.

काही जण जुनं इंजिन ऑइल खालून मारतात. बागेत तेच ऑइल पऱ्यात उतरतं आणि पऱ्याचं पाणी विहिरीला. नका करू.

---

सडाफुली (रत्नागिरी)

गाडीच्या कामातलं मला कळत नाही, पण ती कुठे न्यायची याबद्दल मनापासून लिहिते.

सुट्टीत कच्च्या वाटांवर जाणार म्हणालात. राजापूरच्या आसपासचे सडे (कातळाची पठारं) उघडे, सपाट दिसतात, त्यामुळे गाडी घालायचा मोह होतो. तिथे कातळात कोरलेली चित्रं आहेत. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, उक्षी. २०२२ पासून ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. अजून न सापडलेली, मातीच्या पातळ थराखाली झाकलेलीही असतील. खोदकाम उथळ आहे. लग टायरनं वळण घेतलं तर कडा मोडतात आणि त्या पुन्हा कोणी कोरून देऊ शकत नाही. पावसात त्याच सड्यावर कीटकभक्षी सीतेची आसवं फुलतात, बोटभर मातीत. मळलेली बैलगाडीची वाट असेल तेवढीच धरा.

आणि किनारा. वेळास, आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. वाळूखाली घरटं आहे हे वरून कळत नाही. गाडी गेली की वाळू दबते. पिल्लं बाहेर पडली तरी टायरच्या चरात अडकतात, समुद्राकडे जाण्याऐवजी त्या चरातूनच चालत राहतात, तोवर कावळे आणि कुत्रे येतात. वेळासच्या लोकांनी सह्याद्री निसर्ग मित्रच्या साथीनं २००२ पासून घरटी राखली आहेत. वाळूवर गाडी हाकायची हौस कृपा करून बाळगू नका.

---

दर्याकाठ (मालवण)

सडाफुली ताईंना दुजोरा. आणि ज्यांना कासवाचं काही वाटत नाही त्यांनी इंजिनाचं तरी बघावं. भरतीत अडकलेल्या किती गाड्या आम्ही होडीच्या दोरानं ओढल्यात. खारं पाणी एकदा हबमध्ये गेलं की ती गाडी पुढे दर महिन्याला गॅरेजात.

---

घाटवेडा (ठाणे)

वेल्ड केलेल्या डिफरन्शियलचा विचार सोडला. जुनी जीप काका, मग बजेटातून उरलेले पैसे कशात घालायचे? आणि विंच नको तर अडकल्यावर काय?

---

जुनी जीप (चिपळूण)

क्रम सांगतो. पहिला ब्रेक. ब्रेकचे सगळे लोखंडी पाइप बदला, तांबं-निकेलचे लावा, ते खाऱ्या हवेत टिकतात. होज नवे, व्हील सिलिंडर नवे, भंगारातले नाहीत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून कोकणात ते दर पावसाळ्यानंतर बदलायचं. पऱ्या ओलांडला की ड्रममध्ये पाणी असतं. पुढच्या उतारावर लागायच्या आधी हलका ब्रेक दाबून थोडं चालवा, म्हणजे ते वाळतात.

दुसरं स्टेअरिंग. टाय रॉड एंड, किंगपिनचे बेअरिंग, पाट्यांचे बुश. जुन्या जीपचं स्टेअरिंग सैलच असतं असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. झिजलेले भाग बदलले की ती सरळ चालते.

तिसरं टायर आणि चौथे सीट बेल्ट, तेही चासीशी पक्के. मग इंजिन. मग बॉडी. दिवे, रंग, बंपर, सगळ्यात शेवटी पैसे उरले तर.

अडकल्यावर विंचचं काम हातानं साखळी ओढून चालणारा चेन ब्लॉक करतो. चिरेखाणीवर, विहिरीच्या कामावर वापरतात तोच. झाडाला थेट साखळी लावू नका, साल कापली जाते. रुंद पट्टा गुंडाळा, मग साखळी. सोबत एक जाड फळी ठेवा, नाहीतर चिखलात जॅक खाली जातो आणि गाडी तिथेच राहते. चाकाखाली नारळाच्या झावळ्या आडव्या टाकल्या तरी बऱ्याचदा निघते. ओढताना साखळीवर ओलं गोणपाट टाका आणि पोरांना लांब उभं करा. आणि गाडीला पुढे-मागे हुक चासीला बोल्ट केलेले हवेत, बंपरला नाही.

---

कातळवाट (राजापूर)

जीप आता काकांच्याच गॅरेजात उभी आहे. पुराच्या पिकअपचं इंजिन उघडलं. ती पार्क केलेली असताना बुडाली होती. एकही रॉड वाकलेला नाही, क्रँक पॉलिश करून चालण्यासारखा आहे, हेड प्लेन करून घेतलं. तो क्रँक आणि ते हेड जीपच्याच ब्लॉकवर बसतील, म्हणजे आरसीवरचा इंजिन नंबर तोच राहील. पाटे कोल्हापूरला पाठवून नवीन मधलं बोल्ट आणि बुश बसवून आणले. ब्रेकचं काम पूर्ण झालं. चासी ब्लास्ट होऊन इपॉक्सीत आहे. फ्लोअरचा पत्रा या आठवड्यात कापायला घेतलाय.

एक प्रश्न आहे. पऱ्यात पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत असतं, कधी त्याहून वर. स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) लावावा का? तोही बदल धरला जातो ना?

---

ग्रीसगन (कोल्हापूर)

निम्म्या चाकाला स्नॉर्कलची गरज नाही. पाणी त्याहून वर असेल तर पऱ्यात उतरायचंच नाही, ओसरायची वाट बघायची.

त्यापेक्षा अ‍ॅक्सलच्या ब्रीदरकडे लक्ष द्या. हाउसिंगवर छोटी टोपी असते, त्यातून आतली हवा बाहेर जाते. चढ चढून आलेला अ‍ॅक्सल तापलेला असतो. तो थंड पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधट होतं ते असं. टोपी काढून तिथे नोझल बसवा, त्याला तेलाला टिकणारी नळी, ती चासीवरून वर बॉनेटच्या आत फायरवॉलपर्यंत न्या आणि टोक खाली वाकवून ठेवा. पुढचा, मागचा आणि ट्रान्सफर केसचा, तिन्ही. गिअरबॉक्सलाही ब्रीदर असेल तर त्यालाही. खर्च किरकोळ आहे.

नळी सायलेन्सरपासून लांब ठेवा. मागचा अ‍ॅक्सल खाली लोंबतो तेव्हा ताण येऊ नये म्हणून तिथे एक वळसा जास्त द्या.

---

जुनी जीप (चिपळूण)

आणि पाण्यात उतरण्याआधी लो फर्स्ट टाकायचा, मधे गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. पंख्याचा बेल्ट सैल करून ठेवला तर पंखा पाणी इंजिनावर उडवत नाही, पण पलीकडे पोचल्यावर तो घट्ट करायला विसरू नका. पहिल्यांदा उतरताना पुढे कोणीतरी काठी घेऊन चालत जाऊ दे. पऱ्याच्या तळाला चिरे घातलेले असतील तर पावसात त्यातला एखादा वाहून गेलेला असतो.

पत्रा कापून झाला की फोटो पाठवा. मागच्या चाकांवरच्या कमानी बनवताना पेट्यांची लांबी-रुंदी आधी मोजून घ्या, म्हणजे दोन कमानींच्या मध्ये पेटी आडवी बसेल आणि वजन अ‍ॅक्सलच्या मागे जाणार नाही. चढावर मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही.